हात काय म्हनते

माझा उजवा हात फोर्कवर होता. जीपच्या बेल हाउझिंगला बाजूने एक भोक असते, त्यावर रबराची टोपी असते आणि तिच्यातून क्लचचा फोर्क चार बोटे बाहेर आलेला असतो. मिस्त्री काकाजींनी मला एवढेच काम दिले होते. हे टोक धरून ठेवायचे आणि काही हलले तर सांगायचे. तीन बल्ल्यांच्या तिकाटीला चेनकुप्पी, चेनकुप्पीला इंजिन. एका अंगाला काकाजी, दुसऱ्या अंगाला बाबा, पुढे पंख्याची पुली धरून काकाजींचा पोऱ्या. इंजिन बोटबोट मागे सरकत होते. गिअरबॉक्समधून पुढे आलेला शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत शिरेना, म्हणून पोऱ्या पुली किंचित फिरवायचा आणि काकाजी इंजिनाला खांदा देऊन डुलवायचे. मग ते एकदम शिरले. त्याच वेळी माझ्या बोटांत काहीतरी झाले. आवाज म्हणावा असा नव्हता. सुपारी फुटावी तेवढे खट. इतका वेळ हाताला ताठ लागणारे फोर्कचे टोक हलत्या दातासारखे ढिले पडले.

"बसलं," बाबा म्हणाले.

"हात काय म्हनते, बाबू?" काकाजींनी विचारले.

"काही नाही जी," मी म्हणालो.

हे १९९६ सालचे. मी अठरा वर्षांचा होतो. सकाळपासून चौघेही उभे होतो, जेवण दुपारी बांधावरच्यासारखे हातावर घेऊन झाले होते, आणि डोक्यावर एक पिवळा बल्ब होता जो केव्हाही जाईल अशी वेळ झाली होती. आपण खोटे बोललो असे तेव्हा मला वाटले नाही. वाटले, शाफ्ट आत गेल्यावर फोर्क असाच ढिला होत असेल. मला काय कळते त्यातले? काकाजींना कळते, आणि काकाजी तर समाधानी दिसत होते. मनाची समजूत फार चटकन निघते. त्या खटचा अर्थ मात्र हाताला तिथल्या तिथे कळला होता, आणि तो अर्थ मी दाबला हेही मला ठाऊक होते. बोल्ट आवळले जात असताना मी तो हात पँटला पुसत राहिलो.

दिवाळी आठवड्यावर आली होती, हे त्या घाईचे खरे कारण. आमचे लाखांदूर भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. चुलबंद नदी आमच्या तालुक्यातून जाते आणि वैनगंगेला मिळते. वैनगंगेच्या पल्याड वडसा, म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यात. तो जिल्हा १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपुरातून वेगळा निघाला. गोंदिया मात्र तेव्हा अजून आमच्याच भंडाऱ्यात होते, ते १ मे १९९९ ला वेगळे झाले. पण जिल्ह्यांच्या रेषा कुठूनही जावोत, ही सगळी झाडीपट्टी. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या आज या गावी तर उद्या त्या गावी. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाट होईतो नाटक चालते. समोर धानाच्या तणसावर बसलेली माणसे घोंगडी पांघरून एकूण एक प्रवेश बघतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या पुष्कळांना झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकू आले असेल. आमच्या घरात ते भाकरीचे नाव होते. बाबांची जीप दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकमंडळींना वाहायची. मागे पेट्या, बाजा, तबला. पुढे नाटकातली नायिका मांडीवर लेकरू घेऊन. त्या वर्षी एका कंपनीकडून बाबांनी इसार घेतलेला होता आणि तो इंजिनाच्या बोअरमध्ये, पिस्टनमध्ये आणि रिंगांमध्ये खर्चून टाकला होता.

जीप महिंद्राची, डिझेल, सरकारी लिलावातून आलेली. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज जीप महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जोडायला घेतली, त्या वंशातली. या जुन्या गाड्यांचा एक मोठेपणा आहे. त्यांच्यात लपवलेले फार थोडे असते. बॉनेट उघडले की नळी कुठून निघते आणि कुठे जाते ते बोटाने दाखवता येते. लपलेली जागा एकच, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधली ती घंटेच्या आकाराची पोकळी. दोन्ही बाजू एकदा जुळल्या की आतले कुणालाच दिसत नाही. आणि क्लच नेमका तिथे राहतो.

त्या पोकळीत चालते ते असे. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील फिरत असते. त्याला चिकटून क्लच प्लेट, आणि प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. इंजिन फिरले की तिघेही एकजीव फिरतात आणि ती ताकद शाफ्टमधून चाकांकडे जाते. गिअर बदलायचा तर ही एकी क्षणभर मोडावी लागते. पाय पेडलवर पडतो, केबल फोर्कला ओढते, फोर्क एका गोल डोक्याच्या खुंटीवर, मिस्त्री लोक तिला बॉल म्हणतात, ढेंगीसारखा डुलतो आणि त्याचे आतले टोक बेअरिंगला पुढे ढकलते. बेअरिंग जाऊन टेकते प्रेशर प्लेटच्या तीन फिंगरांवर. फिंगर मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेत असतात आणि फोर्क तर जागचा फिरत नाही. फिरणाऱ्याला न फिरणाऱ्याने दाबायचे आहे. मध्ये बेअरिंग नसते तर लोखंडाने लोखंड खाल्ले असते. तिची एक कड फिंगरांबरोबर गरगरते, दुसरी कड फोर्कच्या हातात शांत बसते, आणि दोघींमध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या गोळ्या. म्हणून पेडलला वरच्या वर इंचभर मोकळी चाल ठेवतात. ती नसली तर बेअरिंग सारा वेळ फिंगरांना घासत राहते आणि जळते. पेडलवर उगाच पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याला काकाजी गाडीतून उतरवायचे, मग तो मालक का असेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली. इंजिनाचा नवा, घट्ट आवाज ऐकून बाबांचा चेहरा उजळला. मग काकाजींनी क्लच दाबला. पेडल अर्धे खाली जाईतो काहीच नाही, मग एकदम जड. आणि खालून आवाज आला, सहाणेच्या दगडावर कोयता तिरपा धरावा तसा. रिव्हर्स टाकायला गेले तर दाते करकरले.

काकाजींनी गाडी बंद केली नाही. एक लांब पेचकस घेतला, त्याचे टोक बेल हाउझिंगला लावले, मूठ कानाच्या हाडाला, आणि डोळे मिटले. पोऱ्याला म्हणाले, "दाब. सोड. दाब." आवाज केव्हा येतो त्यावरून जागा कळते. पाय वर असताना येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. क्लच दाबून, गिअर टाकून, गाडी जागेवर उभी असताना येत असेल तर फ्लायव्हीलच्या मधोमध बसलेल्या पायलटचा. आणि पाय पडताच येत असेल तर क्लच बेअरिंगचाच. हे मला त्या सकाळी समजले आणि पुढे कधी विसरलो नाही.

"क्लच बेरिंग," काकाजी डोळे उघडत म्हणाले.

"अजी, पण ती तं नवी घातली ना?" बाबा म्हणाले.

नवीच होती. इंजिन उतरवलेच आहे तर घालून टाकू म्हणून वडशाहून आणली होती. बाबांनी हिशेब लगेच लावला. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला. आवाज चढला. मला म्हणाले, सायकल काढ, वडशाला जाऊ, त्याच्या काउंटरवर टाकतो ही बेरिंग.

त्या दुकानदाराला मी एकदाच पाहिले होते. डब्यातून बेअरिंग काढून त्याने ती कागदावर फिरवून दाखवली होती आणि कागदाला ग्रीस लागू नये म्हणून कडेकडेने धरली होती. रात्रभर मी गप्प होतो तो माझ्यापुरता. आता माझे गप्प राहणे दुसऱ्याच्या दारात जाऊन पडणार होते. मी म्हणालो, "काकाजी, काल फोर्क ढिला झालता."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. काकाजींनी पेचकस खाली ठेवला. मला रागावण्याची अपेक्षा होती. त्यांनी विचारले, "केवढा?"

मी दोन बोटांत अंतर दाखवले.

"वरखाली का मागंपुढं?"

"वरखाली."

"शाफ्ट शिरल्यावर का शिरताना?"

"शिरताना. खट झालं."

"मंग बॉल सुटला," ते म्हणाले. "बेरिंग नाई बिघडली. फोर्क बॉलवरून उतरला, बेरिंग वाकडी झाली, एकाच फिंगरवर घासून राहिली."

"काहून नाई सांगतलं रे काल?" बाबा ओरडले.

"आता सांगतलं ना जी, भाऊ," काकाजी म्हणाले आणि जीपखाली शिरले.

त्या तीन प्रश्नांचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मी कबुली द्यायला तोंड उघडले होते. त्यांनी ती माहिती म्हणून घेतली. माझे चुकले की नाही यात त्यांना रस नव्हता. त्या बंद पोकळीतली एकमेव बातमी माझ्या हातात होती, चौदा-पंधरा तास, आणि ती त्यांना हवी होती. आदल्या रात्री मला वाटत होते की मी एक चूक लपवली. चूक माझी नव्हतीच. मी लपवली ती बातमी.

आधी त्यांनी वरच्या वर सोडवून पाहिले. दाढीचा आरसा, बॅटरी आणि वाकवलेली जाड तार घेऊन बाजूच्या भोकातून फोर्क उचलून बॉलवर टाकायचा. तासभर खटपट केली. मी बॅटरी धरली होती. आरशात बॉलचे गोल डोके चमकायचे आणि फोर्कची खाच त्याच्या करंगळीभर बाजूला. दोन वेळा ती जवळ आली आणि घसरली. काकाजी उठून बसले, हात पुसले. "उतरवा लागते," म्हणाले.

त्या शब्दांनी बाबांचे खांदे पडले. रेडिएटर पुन्हा काढायचा, सायलेन्सरचा पाइप सोडायचा, डिझेलच्या नळ्या, तारा, इंजिनाचे पाये, बेल हाउझिंगचे सारे बोल्ट, आणि तिकाटी पुन्हा उभी करायची. पण काकाजींनी इंजिन पूर्ण बाहेर घेतले नाही. वीतभर पुढे ओढले आणि चेनकुप्पीवर तसेच लटकत ठेवले. त्या वीतभर फटीत हात आणि नजर दोन्ही गेले. म्हणाले होते तसेच होते. फोर्क बॉलवरून उतरून तिरका पडलेला, बेअरिंगने मान टाकलेली, आणि तिच्या कडेवर नखाच्या चंद्रकोरीसारखा ओरखडा, ताजा, चकचकीत. फोर्कला बॉलवर धरून ठेवणारी स्प्रिंगची पट्टी एका बाजूने उघडी पडली होती. काकाजींनी ती उजेडात धरली, अंगठ्याने दाबली. दाबल्यावर ती परत वर आली नाही.

"हे मी जुनीच घातली होती," ते बाबांना म्हणाले. "बदला लागत होती. माही चूक आहे, भाऊ. मजुरी एकदाचीच द्या."

त्यांना कुणी विचारले नव्हते. पट्टी खिशात टाकून ते म्हणू शकले असते की पोराने धरले नीट नाही.

बेअरिंग त्यांनी तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कानाजवळ फिरवली आणि मग माझ्या कानाजवळ. बारीक किरकिर, दाताखाली खडा यावा तशी. एकदा कड दुखावली की तिचा भरवसा नाही. पोऱ्या ती धुवायला डिझेलच्या डब्याकडे निघाला तेव्हा काकाजींनी त्याचा हात धरला. ग्रीस हिच्या पोटात कारखान्यातच भरलेले असते. डिझेलमध्ये बुडवली तर ते धुऊन निघते आणि बाहेरून लखलखीत दिसणारी बेअरिंग आठ दिवसांत ओरडायला लागते. त्यांनी ती जुन्या बनियनच्या फडक्याने पुसली आणि बाजूला ठेवली, टाकली नाही. त्यांच्या टपरीत अशा किती वस्तू होत्या. घराणे लोहाराचे. वडील खाचराच्या चाकांना धाव चढवायचे. लोखंडी कडे आगीत लाल करून लाकडावर घालायचे आणि पाणी ओतले की ते आवळून बसायचे. मी पुढे वाचले की बेअरिंगमधल्या गोळ्यांची युक्तीही गाडीच्या आसाशी जोडलेली. वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या लोखंड कारखानदाराने १७९४ साली तिचे पेटंट घेतले ते घोडागाडीच्या आसासाठी. ते वाचताना मला काकाजींचे वडील आठवले, ज्यांना मी फक्त खाटेवर बसलेले पाहिले होते.

वडशाला बाबा स्वतः गेले. नवी बेअरिंग आणि नवी पट्टी आणली. दुकानदाराला काय म्हणाले ते मी विचारले नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाले, "भला मानूस आहे."

मी आता शाळेत शिकवतो. जीप विकली त्याला वर्षे झाली. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत फोर्कही नसतो, बॉलही नाही. बेअरिंग आणि तिला ढकलणारा तेलाचा सिलेंडर एकाच तुकड्यात येतो, शाफ्टभोवती बसतो आणि बिघडला की अख्खा बदलतात. धरून ठेवायला बाहेर टोकच नाही. त्याला माझी तक्रार नाही. पण हाताला कळणे ही गोष्ट त्याच्याबरोबर जाईल अशी जी भीती बोलून दाखवतात, ती मला खरी वाटत नाही. रोवणीला आमच्याकडे बायका वाकून ओळीने मागे मागे सरकतात, बोलतात, गातात, आणि पऱ्हे चिखलात किती खोल गेले हे बघत नाहीत. अंगठा सांगतो. खोल गेले तर फुटवा धरत नाही, वर राहिले तर पाण्यावर तरंगते. माझ्या आईला मी एकदा विचारले होते, तुला कसे कळते. ती म्हणाली, कळते त्यात काय, कळलेले ऐकावे लागते. पाठीला कळ लागलेली असते, ओळ पुढे गेलेली असते, आणि अंगठा म्हणतो हे वर राहिले. तेव्हा पुन्हा वाकायचे.

आई शाळेत गेली नव्हती आणि काकाजी चौथीपर्यंत. दोघे एकमेकांशी कधी चार वाक्येही बोलले नसतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन परत लावायला घेतले. काकाजींनी घाई केली नाही. बॉलवर आणि बेअरिंगच्या बाहीवर ग्रीस लावले तेही काजळाइतके. जास्त झाले तर फिरताना उडते, क्लच प्लेटला लागते आणि प्लेट घसरते. क्लच प्लेट मधोमध आहे ना हे सागाच्या दांड्याने तपासले. हा दांडा त्यांनी गावच्या सुताराकडून शाफ्टच्या मापाचा करून घेतलेला, तेलाने काळा झालेला. फोर्क सुतळीने मागे बांधला, म्हणजे बेअरिंग जागची सरकू नये. आणि मला म्हणाले, "धर."

ते पुन्हा मलाच सांगतील असे मला वाटले नव्हते. मी म्हणालो, पोऱ्याला द्या. ते म्हणाले, "त्याचा हात अजून काई आयकत नाई. तुहा आयकते."

पुन्हा तेच. चेनकुप्पीची साखळी एकेक कडी सुटत होती. बाबा त्या अंगाला, काकाजी या अंगाला, पुलीवर पोऱ्या. "बोल्टानं वढायचं नाई," काकाजी पुटपुटत होते, दर वेळी म्हणायचे तसे. उरलेली फट बोल्ट आवळून मिटवायचा मोह होतो, पण शाफ्ट खाचांत नसला तर तीच ओढ क्लच प्लेटची मधली वाटी वाकवते. इंजिन स्वतःहून यायला पाहिजे. फट तीन बोटे राहिली. दोन बोटे. आणि माझ्या हाताला काहीतरी लागले. बारीक, मुंगी चालावी तसे.

"थांबा," मी म्हणालो.

सगळे थांबले. इंजिन हवेत होते, बाबांच्या मानेची शीर फुगलेली होती. मला खात्री नव्हती. आदल्या वेळेसारखे ते नव्हते, ढिले काही झाले नव्हते. मी म्हणालो, काहीतरी हलले, काय ते नाही सांगता येत.

काकाजींनी साखळी उलटी ओढली. इंजिन पुन्हा वीतभर पुढे आले. ते बॅटरी घेऊन वाकले, आत हात घातला, फोर्क धरून हलवला, पट्टी चाचपली, बेअरिंग बोटाने फिरवली. फोर्क बॉलवर घट्ट होता. सुतळीची गाठ तेवढी ताण पडून आवळली होती आणि तिचा पीळ फोर्कवरून सरकला होता. ते बाहेर आले. बाबा दम खात उभे होते. कुणी काही बोलले नाही. काकाजींनी जुनी सुतळी कापून नवी बांधली, दोनदा पीळ दिला, तळहात पँटला पुसले आणि परत इंजिनाला खांदा लावला.

साखळी सुटू लागली. तीन बोटे, दोन, एक. पोऱ्याने पुली केसभर फिरवली आणि शाफ्ट खाचांत शिरला. लोखंडावर लोखंड टेकल्याचा एक सपाट, भरलेला आवाज आला.

"हात काय म्हनते, बाबू?"

मी फोर्क वर उचलून पाहिला, खाली दाबून पाहिला, मागे ओढून पाहिला.

"ताठ आहे जी."

काकाजींनी पहिला बोल्ट घेतला, भोकाला लावला आणि पाना न घेता नुसत्या बोटांनी फिरवत नेला. तो डोक्यापर्यंत कुठे अडला नाही.